पिंपाच्या आतला उन्हाळा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई मेलबर्नला असतात. जावई हौसेनं घरी बिअर करतात. तिकडे स्वतःपुरती करायला मुभा आहे. जुलैत केलेली सुरेख झाली होती. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, तेच माल्ट, तेच हॉप्स, तेच यीस्ट घेऊन केली, तर नेलपॉलिशसारखा वास आला आणि घशाला झोंबली. जावयांना वाटतं, यीस्टचं पाकीट जुनं होतं. खोलीत एसी तर २४ वर लावलेला होता. मे महिन्यात ते हर्णैला येताहेत, तेव्हा पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून इथेच करून बघू म्हणतात. जमेल का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : पाकिटाला दोष देऊ नका. २४ अंश होती ती खोली. पिंपाच्या आत किती होतं, ते कोणी पाहिलेलंच दिसत नाही.

यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर उष्णताही सोडतं. वीस लिटरच्या पिंपात दीडेक किलो साखर आंबते. तिची सगळी उष्णता आतच कोंडली, तर पिंप दहाएक अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी बाहेर निघून जाते, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत, फेस जोरात असताना, आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंश जास्त असतं. म्हणजे जावयांचं यीस्ट २८-२९ अंशांत राबत होतं. घरी नेहमी करतात त्या एल जातीच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ मानवतं. त्यापुढे ते भराभर वाढतं आणि नको ते मागे ठेवतं : इथाइल ॲसिटेट, हाच तुमचा नेलपॉलिशचा वास, आणि घशाला झोंबणारे जड अल्कोहोल. एकदा बिअरमध्ये उतरले की नंतर कितीही थंड केलं तरी ते जात नाहीत.

मी एकवीस वर्षं एका ब्रुअरीच्या फर्मेंटेशन विभागात होते. एका रात्रपाळीत थंडाव्याचा पंप बंद पडला आणि ११ अंशांवरची लागरची, म्हणजे थंडीतच आंबवायच्या बिअरची, टाकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १४ वर गेली. तीनच अंश. चव घेतली तर पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास. ती टाकी डोळ्यांदेखत गटारात गेली. तेव्हापासून खोलीच्या तापमानावर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

आपल्या बंदरावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ना, तशी जर्मनीतल्या बव्हेरियात बिअरला उन्हाळ्याची बंदी होती. १५५३ मध्ये तिथल्या ड्यूकनं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला मनाई केली, कारण उन्हाळ्यातली बिअर हमखास बिघडायची. यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली. बव्हेरियाच्या लोकांना उन्हाळा तेवढा कळला होता, आणि तेवढ्यावर त्यांनी तीनशे वर्षं काम निभावलं.

आता गोणपाट. नागपूरच्या मे महिन्यात ते दहा-पंधरा अंशांचा फरक पाडेल, कारण तिथली कोरडी हवा पाणी झरझर शोषते. हर्णैला मे महिन्यात ३३ अंश आणि हवेत ७५ टक्के दमटपणा असला, तर गोणपाट फार तर २९ पर्यंत उतरवेल. आपल्याकडे धुतलेला पंचा दिवसभर वाळत नाही, मग पिंप कुठून गार होणार? घरी विचारा, मे महिन्यात आंबोळीचं पीठ रात्री लवकर भिजवलं तर सकाळी काय होतं ते.

पण त्याआधीचं उत्तर असं की इथे करूच नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे, घरापुरती असली तरी. जावयांनी इथे येऊन मासे खावेत.

मेलबर्नला परतल्यावर मात्र त्यांनी जुना फ्रिज आणि बाहेरून जोडायचा थर्मोस्टॅट घ्यावा. त्याचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नये. पिंपाच्या अंगाला चिकटवून वर कापडाची जाड घडी बांधावी. फ्रिज नसेल तर पिंप पाण्याच्या टबात अर्धं बुडवून सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदलाव्यात. सगळ्यात महत्त्वाचं, माल्ट आणि हॉप्सचा उकळलेला काढा १८ पर्यंत गार झाल्याशिवाय यीस्ट घालू नये. पुष्कळ जण इथेच घाई करतात आणि मग आठवडाभर बर्फ टाकत बसतात. पहिले तीन दिवस १८-१९ राखावं, पुढे हळूहळू २१ होऊ द्यावं. त्या शेवटच्या उबेत यीस्ट स्वतःच सोडलेला लोण्यासारखा वास परत शोषून घेतं. हे जमणारच नसेल, तर नॉर्वेच्या खेड्यांतलं क्वाइक नावाचं यीस्ट मिळतं. ते ३० ते ४० अंशांतही स्वच्छ काम करतं.

प्रश्न : आलं आणि गूळ आंबवून मी फसफसणारं सरबत करते. एप्रिलमध्ये काचेची बाटली फुटून काचा पार माजघरापर्यंत उडाल्या. जानेवारीत असं कधी झालं नव्हतं.
— एक वाचिका, मालवण

उत्तर : कोणाला लागलं नाही ना? जानेवारीतल्या रात्री गार असतात, म्हणून जो दाब चढायला तीन-चार दिवस लागत होते, तो एप्रिलमध्ये एका दिवसात चढला. काचेची बाटली आतून किती तंग झाली ते हाताला कळत नाही. सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, वर चार बोटं जागा सोडा. सकाळी आणि रात्री दाबून पाहा. बोट आत जात नसेल, तर ताबडतोब फ्रिजमध्ये. गार झाल्याशिवाय उघडू नका. जास्त दिवस ठेवलंत तर त्यातही थोडा अल्कोहोल उतरतो, तेव्हा मुलांसाठी असेल तर दोन दिवसांत संपवा.