22 जोड कापशी

लेका,

सीपीआर दवाखान्यात केसपेपर काढलास आणि मानसोपचार विभागाच्या दारातनं माघारी फिरलास, असं तुझी आई म्हणाली. "गर्दी होती" हे तिला सांग, मला नको.

पुढच्या खेपेला आत गेलास की नुसत्या पडेल दिवसांचं रडगाणं सांगू नकोस. माझं तिथंच चुकलं. अंथरूण सोडवत नाही, जेवण जात नाही, एवढंच मी बोललो. चप्पल लाईनीतनं सगळ्या गल्लीसाठी कापशी चपलांचे 22 जोड उचलले, तीन रात्री डोळा नाही तरी पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारत होतो, हे सांगितलंच नाही. तो आजार वाटतच नव्हता रे, तेच तर माझे झकास दिवस! डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. आपला आजार बायपोलर, म्हणजे मन कधी तळाला, कधी आभाळाला. त्यात नुसत्या त्या गोळ्यांनी माणूस भलताच वर जाऊ शकतो. मी गेलो. घर गहाण पडायचं थोडक्यात वाचलं. म्हणून आईला सोबत ने. तुला झकास वाटलं ते तिनं भोगलंय.

लिथियम दिलं तर घाबरू नकोस. 1949 पासून उन्मादावर, म्हणजे त्या वर जाण्यावर, वापरात आहे, फक्त रक्तातलं माप काटेकोर लागतं. रात्री 9 ला गोळी, तर सकाळी 9 ला ते माप तपासायला रक्त द्यायचं. बरोबर 12 तास. सकाळची गोळी असेल तर रक्त दिल्यावर. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही अधूनमधून होते.

तुझ्या बाबतीत मला खरी भीती तालमीची आहे. कुस्तीच्या वजनी गटात बसायला पाणी तोडून घाम काढता ना, ते आता बंद. अंगातलं पाणी-मीठ घटलं की लिथियम रक्तात साठतं. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनही मनानं घ्यायची नाही. हात फार थरथरले, तोल जायला लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना. वस्तादांना निदान पाण्याचं सांग. कशासाठी, ते सांगायचं की नाही तुझं तू ठरव.

चार महिने बरं वाटलं म्हणून मी गोळ्या परस्पर सोडल्या होत्या. पाचव्या महिन्यात झोप गेली, पुढचं तुझ्या आईला ठाऊक आहे.

रात्री जीव नकोसा झाला तर 14416 लाव. टेली-मानस आहे, फुकट, मराठीत बोलतात. मलाही उठव.

मंगळवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी थांबतो. जुनी फाईल आण.

तुझा काका