आपांना विचारा : शेजारच्या घरात मारहाण होते, मी काय करू?

प्रश्न : आपा, आम्ही भुसावळला राहतो. शेजारी एक मुस्लिम कुटुंब आहे. त्यांची सून माझ्याच वयाची, दोन लेकरं पदरात. उन्हाळ्यात अख्खी गल्ली गच्चीवर झोपते, तेव्हा त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येतं. नवरा पीत नाही, पूर्ण शुद्धीत मारतो. एकदा तिच्या गालावरचा वळ पाहून मी विचारलं, तर म्हणाली, "बच्चोंके वास्ते सह रही, भाभी. किसीको बोलना मत." आमचे मिस्टर म्हणतात, त्यांच्या धर्मातलं आहे, आपण पडू नये, उद्या भलतंच वळण लागेल. मला झोप लागत नाही. तिच्यासाठी काही कायदा, काही संस्था आहे का? — एक शेजारीण

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांची भीती खरी आहे, पण "त्यांच्या धर्मातलं" हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यात सगळ्या जातीधर्मांच्या बायका होत्या. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुम्हाला जसा लागू आहे, तसाच तुमच्या शेजारणीला लागू आहे. निकाह झालाय की सप्तपदी, हे त्यात कुणी विचारत नाही.

त्याच कायद्यातलं कलम ४ तुमच्यासारख्यांसाठी आहे. कुठे हिंसा होतेय किंवा होईल असं ज्याला वाटतं, तो कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो. प्रामाणिकपणे कळवलं असेल, तर त्यापायी तुमच्यावर खटला भरता येत नाही. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

पण लगेच फोन करायला धावू नका. ती "किसीको बोलना मत" म्हणाली, त्यामागे दोन भीती असतात. एक नवऱ्याची, ती तुम्हाला कळते. दुसरी मी माझ्या मोहल्ल्यात वर्षानुवर्षं पाहतेय. ही बाई पोलीस ठाण्यात गेली की तिचं भांडण तिचं राहत नाही, ते साऱ्या कौमचं होऊन बसतं. बाहेरचे म्हणतात, "बघा, यांच्यात असंच असतं." घरचे म्हणतात, "बाहेर तमाशा केलास." या दोन्हींच्या मधे ती गप्प बसते. म्हणून तिच्याशी बोलताना बुरखा, चार लग्नं, तलाक यातलं काही काढू नका. गालावरच्या वळाबद्दल बोला. "परत लागलं का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. तिने नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वाटीभर भाजी घेऊन जा आणि विचारूही नका. जीव जाईल असं वाटलं, मुलं ओरडत असली, तर मात्र तिच्या होकाराची वाट न पाहता ११२ लावायचा.

संस्था विचारल्यात. मुंबईत 'आवाज-ए-निस्वाँ' ऐंशीच्या दशकापासून हे काम करते, भारतीय मुस्लिम महिला आंदोलन २००७ पासून आहे, पुण्यात हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्याआधी १९६६ मध्ये त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानसभेवर नेला होता. फक्त सात जणी, पण त्या गेल्या. या सगळ्यांबद्दल मला फार आदर आहे. तरी रात्री साडेबाराला दार बडवणारी भुसावळची बाई मुंबई गाठत नसते. तिला गल्लीतलंच एक दार उघडं लागतं. ते तुमचं असू शकतं, आणि तुमच्या एकटीवर भार पडू नये म्हणून आणखी दोन-तीन बाया हव्यात.

त्या कुठे सापडतील? तिच्या बचत गटात बघा. नसेल तर भिशीत. आमच्या मोहल्ल्यांत भिशी असतेच, आणि कोणाच्या घरी काय चाललंय हे भिशी चालवणाऱ्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं. उर्दू शाळेच्या बाई, आशाताई, अंगणवाडीताई, शिवणक्लासवाली, यांच्याकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही. सासू अडवत नाही, कारण निमित्त साधं असतं, पोलिओ डोस नाहीतर ब्लाउजची बाही. मी पाहिलेल्या ज्या बायका धडपणे बाहेर पडल्या, त्या सगळ्या अशाच एखाद्या ओळखीतून पडल्या. कचेरीतला साहेब नंतर आला.

तुमच्या घरात तिच्यासाठी एक पिशवी ठेवता येईल. निकाहनाम्याची झेरॉक्स, आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक. झेरॉक्स, मूळ कागद नव्हे; मूळ कागद गायब झाले की घरात शंका येते. मार बसला की तुमच्या मोबाइलमध्ये फोटो काढा, तिच्या मोबाइलमध्ये नको, तो नवरा तपासतो. सरकारी दवाखान्यात जायची वेळ आली तर केसपेपरवर "पडले" असं लिहू देऊ नका. कोणी मारलं ते लिहून घ्या. हा कागद पुढे कोर्टात बोलतो.

ती तयार झाली, की तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तिच्यासोबत जा. ते घटना अहवाल भरतात, कोर्टात सगळे त्याला डीआयआर म्हणतात. त्यावरून न्यायदंडाधिकारी मारहाण थांबवण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. गरज असेल तर समोरच्याला न ऐकता तातडीचा आदेशही देता येतो. तो मोडला तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तिला सगळ्यात मोठी धास्ती असेल, "घर सासऱ्याच्या नावावर आहे, मला काढतील." तिला सांगा, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलंय की ती जिथे सून म्हणून नांदते ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क ती कोर्टात मागू शकते. घरात थांबणं धोक्याचंच असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलांसह काही दिवस राहता येतं, दवाखाना, पोलीस, वकील यांची सोय तिथूनच लावतात.

आणि ती परत गेली तर रागावू नका. बायका परत जातात. मुलांची परीक्षा असते, माहेरी भाऊ-वहिनीचं दोन खोल्यांचं घर असतं. पुढच्या वेळी ती तुमच्याच दाराशी येईल का, हे या वेळी तुम्ही काय बोललात त्यावर ठरतं.

प्रश्न : मी शिरपूरला माहेरी आहे. नवरा सुरतेत कामाला. त्याने व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहून पाठवला. जमातचे लोक म्हणतात, मेहेर (निकाहात ठरलेली बायकोच्या हक्काची रक्कम) आणि इद्दतचा (तलाकनंतर थांबायच्या मुदतीचा) खर्च घे आणि कागदावर सही कर. कागदावर 'खुला' असं लिहिलंय. दोन मुलं माझ्याकडे आहेत. — एक वाचक

उत्तर : बेटी, सही करू नकोस. खुला म्हणजे तू स्वतःहून सुटका मागितलीस असा अर्थ होतो, आणि त्यात बहुधा मेहेर सोडून द्यावा लागतो. तू काही मागितलेलं नाहीस. मेहेर हा तुझा हक्क आहे, गप्प बसण्याची किंमत म्हणून कुणी तो देऊ करू नये.

त्या मेसेजने तुझा तलाक झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. मोबाइलवर लिहिलेलाही त्यात येतो. मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून भावाकडे ठेव. आपल्या औरंगाबाद खंडपीठाने तर २००२ सालीच दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात सांगितलं होतं की नुसतं "मी तलाक दिला" म्हणून चालत नाही. त्याला कारण लागतं, आधी समेटाचा प्रयत्न लागतो, आणि ते नवऱ्याने सिद्ध करावं लागतं. जमातच्या बुजुर्गांना अदबीने विचार, कुराणातल्या सूरह निसामध्ये दोन्ही घरांतून एकेक पंच नेमायला सांगितलंय, ते पंच कुठे बसले होते?

फौजदारी तक्रार करायची की नाही, हे तू ठरव. पुष्कळ जणी म्हणतात, तो आत गेला तर खर्च कोण देणार? तो विचारही रास्त आहे. खर्चाचा रस्ता वेगळा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली तू पोटगी मागू शकतेस, आणि तू राहतेस तिथल्याच कोर्टात. सुरतेला खेटे घालायला नकोत. उद्या रीतसर तलाक झाला तरी हा रस्ता बंद होत नाही, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

आणि मुलांचं वर्ष वाया घालवू नकोस. सुरतेच्या शाळेचा दाखला नवरा अडवून बसला असेल, तरी दाखला यायला उशीर झाला म्हणून शिरपूरची शाळा पहिली ते आठवीत प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. उद्या सकाळी मुलांना घेऊन मुख्याध्यापकांना भेट, भावाला सोबत ने.