कृषी सल्ला : आजोबांच्या बागेतली कॉफी आणि स्पेशालिटीचा भाव

प्रश्न : चिखलदऱ्याजवळ आमची तीन पिढ्यांची अरेबिका कॉफी आहे. बाग आता तिघा भावांत वाटली गेली आहे. व्यापारी सगळा माल एकत्र करून एकाच भावाने नेतो. स्पेशालिटी कॉफी म्हणून विकायची तर जुनी झाडं काढून नवा वाण लावावा का? कोणतं यंत्र घ्यावं?

उत्तर : यंदा झाडंही काढू नका आणि यंत्रही घेऊ नका. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटरवर आहे. थंडीत फळ सावकाश पिकतं, आणि अरेबिकाला तेच हवं असतं. 1940 च्या दशकात कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातून आलेला एस. 795 हा वाण आजही चवीसाठी मागितला जातो, तेव्हा झाड जुनं म्हणून चव कमी असं समजू नका. चव न बघता बाग उपटली, तर पुढची तीन-चार वर्षं हातात काहीच नाही.

व्यापारात रूढ असलेला नियम असा : प्रशिक्षित चाखणाऱ्यांनी 100 पैकी 80 किंवा जास्त गुण दिले तर कॉफी स्पेशालिटी. शिवाय 350 ग्रॅम हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बियांच्या नमुन्यात काळी, कुजकी यांसारखी मुख्य दोषाची एकही बी चालत नाही, किरकोळ दोष फार तर 5. हे गुण तोडणीत आणि वाळवणीत जातात किंवा राहतात.

आधी तोडणी. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल असं सगळं एका वेळी असतं, म्हणून तीन-चार फेऱ्या कराव्याच लागतात. पिकलेलं फळ दोन बोटांत दाबलं की बी सुळकन बाहेर येते. हिरवं दाबून बघा, येत नाही. मजुरी किलोवर देत असाल तर हिरवी फळं टोपलीत येणारच, त्यात मजुराचा दोष नाही. रोजाने द्या किंवा निव्वळ लाल फळांना वाढीव दर द्या. घरी आणल्यावर फळं बादलीत पाण्यात टाका. तरंगतील ती पोकळ किंवा किडकी, ती वेगळी वाळवून साध्या मालात द्या.

धुतलेल्या कॉफीला, म्हणजे गर काढून बी धुऊन वाळवायची तर, पल्पर (गर काढायचं यंत्र) लागतो, पाणी लागतं आणि ते आंबलेलं पाणी ओढ्यात सोडता येत नाही. तुमच्याकडे पाण्याची टंचाई आहे, पण हिवाळ्याची हवा कोरडी आहे. म्हणून अख्खं फळ वाळवायची पद्धत घ्या. जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर बांबूची माची करा, वर जाळी ताणा. थर दोन इंचांपेक्षा जाड नको. पहिले काही दिवस तासातासाने हलवा, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास भाजल्यावरही जात नाही. दव पडतं, तेव्हा संध्याकाळी झाका. दोन-तीन आठवड्यांत मूठभर फळं कानाशी हलवली की खुळखुळतात. तरीही ओलावा मापकावर 11 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोत्यात भरू नका.

आता वाटणीचा मुद्दा, कारण खरी अडचण मला इथेच दिसते. तिघांनी तीन तऱ्हेने वाळवलेला माल एकत्र केला, की सगळ्यात वाईट वाळलेल्या पोत्याची चव सगळ्याला लागते. उलट प्रत्येकाने आपलं एकेक पोतं वेगळं नेलं तर घेणारा उभा राहत नाही. सातबारे वेगळे राहू द्या, माची एक करा. 300 किलो पिकल्या फळांतून साधारण 50 किलो हिरवी कॉफी निघते, हे धरून लॉट, म्हणजे एकत्र तोडून एकत्र वाळवलेल्या मालाचे गट, आखा. प्रत्येक लॉटला चिठ्ठी : तोडणीची तारीख, बागेचा तुकडा, वाण माहीत असल्यास वाण, वाळायला लागलेले दिवस. वडीलधाऱ्यांना कोणत्या उताराचं फळ आधी पिकतं हे ठाऊक असतं, पण ते कुठे लिहिलेलं नसतं. ते आता वहीत उतरवा, खरेदीदार हेच विचारतो.

आणि स्वतः चाखा. मध्यम भाजून जाडसर दळा, 200 मिलीच्या पेल्याला 11 ग्रॅम पूड, उकळी मोडलेलं पाणी, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून हुंगा. दूध-साखर नको. दोन उतारांचे पेले शेजारी ठेवलेत तर फरक पहिल्याच दिवशी कळेल.

उशीर झाला असं मानू नका. कर्नाटकातल्या जुन्या मळेवाल्यांनाही पीक कॉफी बोर्ड या सरकारी मंडळाच्या सामायिक साठ्यात द्यावं लागे. पूर्ण मोकळीक 1996 मध्ये मिळाली. घराण्याच्या नावाने कॉफी विकणं तिथेही त्यानंतरच वाढलं.

प्रश्न : पाकिटावर चिकमगळूर लिहिलं तर लवकर खपेल का?

उत्तर : लिहू नका. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला व वायनाडच्या रोबस्टाला (कॉफीची दुसरी जात) 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ती नावं त्या त्या भागातल्याच कॉफीला लावता येतात. चिखलदराच लिहा. सातपुड्यात कॉफी होते हे ऐकून माणूस थांबतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बागेतली सावलीची सिल्व्हर ओकची झाडं विकली. आता कॉफीची पानं पिवळी पडून झाडं सुकताहेत, खोडावर वळ उठलेत.

उत्तर : पांढरा खोडकिडा दिसतो. उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीत मादी अंडी घालते, सावली गेली की तिला रान मोकळं. भुंगेरे एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर बाहेर पडतात. वळ असलेली झाडं मार्चअखेर मुळासकट काढून जाळा, सरपण म्हणून अंगणात रचून ठेवू नका, भुंगेरे तिथूनही निघतात. उरलेल्या झाडांची सुटी साल काथ्याने घासून काढा, खोडाला व जाड फांद्यांना 10 टक्के चुन्याचं पाणी मारा आणि पहिल्या पावसाबरोबर सावलीची रोपं लावा. तोवर उरलेला एकही सिल्व्हर ओक विकू नका.