मीच लाटणार, मीच भरवणार

पोळीभाजीचे डबे, दिवाळीचा फराळ, केक, मोदक. घरातून खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या आणि पदरात लहान मुलं असलेल्या बायका समुपदेशनाला येतात, तेव्हा प्रश्नाचे शब्द बदलतात पण प्रश्न एकच असतो. "मॅडम, धंद्याच्या नादात मी मुलांकडे दुर्लक्ष करतेय का?" गेल्या काही वर्षांत तो इतक्या वेळा ऐकला, की एका केसच्या आधाराने सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सहा भेटींचं हे सार आहे.

डोंबिवलीची एकतिशीची बाई. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. रोज दुपारचे १८ डबे. प्रत्येकात ४ पोळ्या, भाजी, आमटी, भात. नवरा ७:५२ची लोकल पकडतो, सासूबाईंचे गुडघे दुखतात. पहिल्या भेटीतलं तिचं पहिलं वाक्य असं होतं: "दोन वर्षांत एकही डबा उशिरा गेला नाही, पण परवा मी मुलाला मारलं."

ती भाताचं पाणी निथळत होती. तो मागून येऊन कमरेला बिलगला. उकळती पेज त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडली. भीतीने तिचा हात उठला.

मारल्याचं समर्थन मी केलं नाही, तिलाही ते नको होतं. पण त्या क्षणाआधीचे दोन तास तिला मिनिटामिनिटाने सांगायला लावले. साडेनऊ ते अकरा या दीड तासात तिच्या अंगावर काय काय होतं? ७२ पोळ्या, म्हणजे सव्वादोन किलो पिठाची कणीक. दोन शेगड्यांवर भाजी आणि आमटी. कडेवर मुलगी. फोनवर "आज एक डबा जास्त मिळेल का?" आणि एक डोळा घड्याळावर.

"यातलं दुसरं कुणी काय करू शकतं?"

"कुणीच नाही. पोळ्या मीच लाटते, गिऱ्हाइकांना माझ्याच हातच्या लागतात. मुलीला मीच भरवते, सासूबाई सांडवतात. ऑर्डरचे फोन मीच घेते. आणि डबा वेळेवर गेलाच पाहिजे ना?"

मी कागदावर फक्त एकच अक्षर मोजत होते. पाच वाक्यांत सहा वेळा 'च'. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले हट्टी विचार ओळखून ते बदलायला शिकवत, काम करणाऱ्या आम्हा मराठी समुपदेशकांना आपली भाषा इथे फार मोठी मदत करते. इच्छा कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, ते मराठीत एका अक्षरावर दाखवता येतं. 'डबा वेळेवर जावा' ही चांगली इच्छा आहे. 'गेलाच पाहिजे' म्हटलं की मध्ये येणारी प्रत्येक गोष्ट शत्रू होते, स्वतःचं मूलसुद्धा.

कागद तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यात अजून एक लिहा. सगळे म्हणतात, घरगुतीच तर आहे. मीही तेच म्हणते."

त्या दिवशी दार उघडलं ते तिनेच. 'मीच'च्या मागे हा दुसरा 'च' लपलेला होता. कामाला आपणच काम मानत नसू, तर त्यासाठी मदत मागायची तरी कुठल्या तोंडाने? इतक्या बायकांशी बोलल्यावर मला खात्री पटली आहे, की अपराधीपणाचं मूळ मुलांना दिलेल्या वेळात फार क्वचित असतं. ते असतं स्वतःच्या वेळेला शून्य किंमत देण्यात.

पुढच्या भेटीत तिला हिशेबाची वही आणायला सांगितली. तिच्या मते एका डब्याला ४३ रुपयांचं सामान, १२ रुपये पोहोचवणाऱ्याचे. विक्री ८० रुपयांना, म्हणजे सुटतात २५. अठरा डब्यांचे रोज ४५०. गॅस? "घरचाच." इथे मी थांबवते, प्रत्येकीला. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही घरगुती धंद्याला लागते. ती ऑनलाइन होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तिने ती केली नव्हती, कारण तेच, 'घरगुतीच तर आहे'.

गॅसचे ७ आणि साबण-पाणी, डब्यांची झीज मिळून ३ धरले, तेव्हा खर्च ६५ झाला. सुटले १५, दिवसाचे २७०. पहाटे पाच ते साडेअकरा आणि संध्याकाळी बाजार, भाजी निवडणं असे मिळून आठ तास. तिने स्वतःच भागाकार केला.

"चौतीस रुपये तास."

"पोळ्या लाटायला बाई लावली तर तिला तासाला किती द्याल?"

"शंभर तरी…" वाक्य तिने पूर्ण केलं नाही.

पुढचं काम बरंचसं स्वयंपाकघराचं होतं, आणि समुपदेशकाने तिथे शिरायला लाजू नये असं माझं ठाम मत आहे. सकाळची गर्दी आदल्या रात्रीवर ढकलायची, पण डोळे मिटून नाही. फरसबी, गवार, कोबी, गाजर रात्री चिरून कोरड्या डब्यात, वर सुती फडकं घालून फ्रिजमध्ये चांगले राहतात. वांगी-बटाटे काळे पडतात, ते सकाळीच चिरावेत. भेंडी रात्री धुऊन कोरडी करायची आणि सकाळी चिरायची, नाहीतर तार सुटते. मेथी निवडून, न धुता कागदात गुंडाळावी. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण दोन-तीन दिवसांचं करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. मात्र उन्हाळ्यात डब्याच्या भाजीवर ओलं खोबरं नको. गरम भाजी लगेच झाकली की वाफेचं पाणी सुटतं, त्यात खोबरं असलं की जेवायच्या वेळेपर्यंत भाजी आंबते. पोळ्यासुद्धा वाफ निघाल्यावरच बांधाव्यात.

मुलांसाठी ओट्याकडच्या दाराला अडीच फुटी लाकडी फाटक लावलं. उकळतं भांडं मागच्या शेगडीवर, कढईचा दांडा भिंतीकडे. मुलगा मागे आला म्हणून वळायचं नाही, आधी भांडं खाली ठेवायचं. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, आणि बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नाही, मग डॉक्टर. लंगोट बदलताना अॅप्रन काढून ठेवायचा आणि परत कणकेला हात लावण्यापूर्वी साबणाने नीट धुवायचे.

सगळ्यात अवघड गेला सुट्टीचा नियम. "मूल आजारी पडलं म्हणून डबा बंद ठेवला तर लोक काय म्हणतील?" मी विचारलं, घरात जुलाब-उलट्यांचं मूल आहे, त्याचं सगळं तुम्हीच करताय, त्या दिवशी त्याच हातांनी अठरा जणांचं जेवण करणं बरोबर आहे का? ती दचकली. या बाजूने तिने पाहिलंच नव्हतं. त्या दिवशीची सुट्टी हा गिऱ्हाइकाचाही हक्क आहे, हे तिला इतकं पटलं की तिने स्वतःच ग्रुपवर लिहिलं: 'घरात पोटाचा आजार असल्यास डबा बंद राहील. पैसे पुढच्या महिन्यात वळते करू. उद्याची ऑर्डर आज रात्री आठपर्यंत.'

भाव ८० वरून ९५ केला. चार गिऱ्हाइकं गेली. ती दोन दिवस रडवेली होती, आणि मी तिला 'दुसरी मिळतील' म्हटलं नाही. वाईट वाटणारच होतं, पण ते सोसण्याजोगं होतं. तिलाच ते अनुभवायचं होतं. उरले १४ डबे. डब्यामागे ३० प्रमाणे ४२०. त्यातून शेजारच्या मावशींना पोळीमागे ३ रुपयांप्रमाणे ५६ पोळ्यांचे १६८. उरले २५२. कामाचे तास आठावरून पाचावर आले.

"म्हणजे अठरा रुपयांत मी रोज तीन तास विकत घेतले," ती म्हणाली. हे वाक्य मी आता इतर बायकांनाही सांगते.

सकाळी मुलीची अंघोळ आणि दूध नवऱ्याकडे गेलं. तो सव्वासातपर्यंत मोकळा असायचा, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. साडेनऊ ते अकरा नात आजीपाशी. गुडघ्यांमुळे आजीने तिला उचलायचं नाही, सतरंजीवर बसवून भरवायचं. पहिले आठ दिवस मुलगी रडली, वरणभात सतरंजीभर झाला, आणि फाटकाच्या अलीकडे आईचे पाय उचलत होते. "सांडलं तर पुसता येतं" हे एवढंच वाक्य तिला पाठ करायला दिलं होतं. मुलाला एक खूण दिली: आईने अॅप्रन खिळ्याला अडकवला की पुढचा पाऊण तास त्याचा, फोन बंद.

प्रत्येक केस अशी सरळ जात नाही. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे रडू थांबत नसेल, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर वही-हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे.

शेवटच्या भेटीला ती गणपतीच्या आधी आली. एकवीस मोदकांच्या आठ ऑर्डरी घेतल्या होत्या, १६८ मोदक. नवव्या बाईंनी फार गळ घातली.

"काय सांगितलंत त्यांना?"

"म्हटलं, हात दोनच आहेत."

या वाक्यातला 'च' मी तसाच राहू दिला.