नागपुरात कुत्र्याला पट्टा काढून कोणत्या बागेत मोकळं सोडता येईल, आणि अशी जागा ठरवावी कशी?

कुंपण नसलेल्या बागेत तरी नाही. लोक आधी माणसांच्या गर्दीचा विचार करतात, पण आपल्याकडे खरी अडचण मोकाट कुत्र्यांची आहे. तुमचा लॅब्रॅडॉर कितीही गुणी असो, अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठावर तिथल्या टोळीने घेरलं की तो पळणार, आणि रस्ता जवळच. त्यामुळे जागा निवडताना पहिली अट पक्कं कुंपण आणि एकामागोमाग दोन फाटकं, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद राहतं. मुलांच्या झोपाळ्यांपासून ती लांब हवी, लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग असला तर फारच छान. हैदराबादेत महापालिकेने कोंडापूरला असं खास उद्यान केलंय.

सेमिनरी हिल्स, गोरेवाडा विसरा. ती जंगलाची जागा आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वन्यप्राण्यांनाही होतो.

अशा जागेची मागणी करायची तर आधी बाग कोणाची ते बघा, मनपाची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की वनविभागाची. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तिथेच झोपतो, भाऊ! अख्खी बाग मागू नका, एक कोपरा मागा. वेळही ठरवून घ्या, पहाटेची बरी. मे महिन्यात नऊनंतर फरशीवर पंजे भाजतात. रेबीजची लस ही प्रवेशाची अट असू द्या.

कुत्र्यापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा कुंपणाची जागा मिळेपर्यंत लांब दोरी वापरा.