संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि सर्जननी धोके समजावून सांगितल्यापासून झोप उडाली आहे, असे तू लिहिले आहेस. ‘जिवालाही धोका संभवतो’ हे शब्द कानी पडल्यावर पुढचे काहीच ऐकू आले नाही, या ओळीशी मी बराच वेळ अडखळले. भूलतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे मीही हेच वाक्य रुग्णांसमोर उच्चारले आहे, आणि समोरच्या माणसाचे ऐकणे नेमके तिथेच थांबते, हे उमगायला मला फार उशीर झाला.

डॉक्टरांनी सांगितलेली यादी म्हणजे तुझे भाकीत नव्हे. क्वचितच घडणारी, पण गंभीर असलेली गोष्टही सांगणे हे त्यांचे कर्तव्य आहे, कारण स्वतःच्या शरीराबाबतचा निर्णय पूर्ण माहितीनिशी घेण्याचा हक्क तुझा आहे. त्यामुळे जखमेत पू होणे, रक्तस्राव, पित्तनलिकेला इजा, दुर्बिणीऐवजी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागणे आणि मृत्यू हे सारे एकाच आवाजात, एकामागून एक येते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यांतले सर्वांत भयंकर तेच सर्वांत शक्य वाटू लागते. दुर्बिणीने पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण साधारणपणे १००० रुग्णांमागे ३ ते ५ आढळते. ते शून्य आहे असे मी तुला सांगणार नाही. पण रात्री अंथरुणात ‘होऊ शकते’ हा शब्द जेवढा फुगतो, तेवढे ते नाही.

आकडा कोणत्या बाजूने सांगितला जातो, यावरही भीती अवलंबून असते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया घ्याल की किरणोपचार, असे लोकांना विचारले होते. शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी ९० वाचतात असे सांगितले, तेव्हा ती निवडणारे अधिक निघाले; १० दगावतात असे सांगितल्यावर तेच प्रमाण घटले, आणि उत्तर देणाऱ्यांतले डॉक्टरही याला अपवाद ठरले नाहीत. तेव्हा प्रत्येक आकडा उलटा करूनही वाचून पाहा.

पुढच्या भेटीला घरातले कोणीतरी सोबत ने आणि उत्तरे त्यांना लिहून घेऊ दे. हे धोके सरासरी रुग्णाचे आहेत की माझे, हे विचार. वय, मधुमेह, दमा, पोटावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया यांनी चित्र बरेच बदलते. शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल, हा प्रश्न तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तुझ्यासारखा त्रास सुरू झालेला असताना नुसते थांबण्यातही पुन्हा कळा येणे, पित्ताशयाला सूज येणे, खडा सरकून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होणे असे धोके आहेतच. आणि इजा झालीच तर ती कशी ओळखाल, पुढे काय कराल, हेही संकोच न करता विचार. माझ्या अनुभवात रुग्णांना सर्वाधिक धीर याच उत्तराने येतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तुझे नाव, शस्त्रक्रिया कोणती आणि ॲलर्जी कशाची, हे वेगवेगळी माणसे पुन्हा पुन्हा विचारतील. यांना काहीच कसे ठाऊक नाही, असे वाटून बिचकू नकोस. ती मुद्दाम केलेली पडताळणी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशी पडताळणी सूची तयार केली, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ८ रुग्णालयांच्या अभ्यासात ती वापरल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. भूल दिलेली असताना तुझी नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू यांच्याकडे कोणीतरी अखंड लक्ष ठेवून असते. ते काम मी स्वतः केले आहे.

सिगारेट ओढत असशील तर आजच सोड, आणि घेत असलेले प्रत्येक औषध सांग. ‘मला भीती वाटते’ असे भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितलेस तरी त्यात कमीपणा नाही. माझ्या स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सगळे आकडे पाठ असूनही संमतिपत्रावर सही करताना माझा हात थरथरला होता; सही मात्र मी विचारपूर्वकच केली होती.

प्रश्न लिहून झाले की मला पाठव. कोणता आधी विचारायचा, ते आपण दोघे मिळून ठरवू.

तुझी हितचिंतक