‘विश्वास ठेवला की तारण झालं, मग ख्रिस्ती माणसाला चांगलं वागायची गरजच काय?’

शेवटच्या दिवशी विश्वास ठेवून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवली तरी चालेल का, असंही तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय. चालतं. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराचं चाललं. फक्त आपला शेवटचा दिवस कुठला ते त्याला माहीत होतं, तुम्हाला-मला नसतं. झालं उत्तर. पुढचं सगळं माझ्या घरचं आहे, वेळ असेल तर वाचा.

आम्ही नगर जिल्ह्यातले प्रॉटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी मिशनऱ्यांच्या काळापासूनचे. बाबा सुतार. दारं, खिडक्या, शाळेची बाकं, आणि मयताच्या पेट्या. चर्चच्या मंडळीत कुणी गेलं की पहिला निरोप पाळकसाहेबांना, दुसरा आमच्याकडे. बाबा सुतळी घेऊन निघायचे, मागून मी. मयताच्या डोक्यापाशी एक टोक मी धरायचं, पायापाशी ते गाठ मारायचे. खांद्यांच्या रुंदीला दुसरी गाठ. कागद नाही, पेन्सिल नाही. घरी येऊन त्या गाठींवर आंब्याच्या फळ्या कापायच्या, वरून काळं कापड ताणून बारीक चुका ठोकायच्या, मग पांढऱ्या फितीचा क्रूस. ज्याच्याकडे पैसे नसत त्याला मागायचे नाहीत. लहान मुलाच्या पेटीचे तर कुणाकडूनच घेतले नाहीत. मयत थांबत नाही, त्यामुळे रविवारी निरोप आला की उपासना बुडायची. ज्या रविवारी यायचे त्या रविवारी मागच्या बाकावर बसून पेंगायचे. साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांसमोर सांगायला, उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही.

२००९ साली ते गेले. पेटी मी केली, त्यांच्याच फळ्यांची. झाकण एका बाजूने बोटभर वर राहिलं. दादा तेव्हा एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रार्थनामंडळात, जायला लागला होता. तिथले प्रचारक ‘दोन शब्द’ बोलायला उठले आणि वीस मिनिटं बोलले. बायबलातलं पौलाचं इफिसकरांस पत्र, अध्याय दुसरा: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. मग पेटीकडे हात करून म्हणाले, “चांगली कामं करणारे पुष्कळ जण आज नरकात आहेत.” आई पहिल्याच बाकावर होती.

घरी आल्यावर दादाला धरलं. तो म्हणाला, “ते वचनच बोलले. बाबांनी प्रभूला स्वीकारलं होतं, असं तू छातीला हात लावून सांगतोस का?” मला सांगता आलं नाही. त्या रागाने मी वाचायला लागलो.

आपल्या मराठी बायबलात पौल त्याच्या पत्रांत ‘कर्मे’ म्हणतो आणि याकोब त्याच्या पत्रात ‘क्रिया’ म्हणतो, म्हणून दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत असं वाटतं. मूळ ग्रीकमध्ये शब्द एकच आहे. उदाहरणही एकच, अब्राहामाचं. पौल म्हणतो, तो विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरला. याकोब म्हणतो, त्याने आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवलं तेव्हा तो क्रियांनी ठरला. भांडण तिथूनच आहे. प्रॉटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या मार्टिन लूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये ‘विश्वासाने’च्या आधी ‘फक्त’ हा शब्द पदरचा घातला आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हटलं. गंमत म्हणजे ‘फक्त विश्वासाने’ हे शब्द सबंध बायबलात एकदाच येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही ‘नव्हे’ लावून! पण त्याच वर्षी त्याच लूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलं, की खरा विश्वास चांगली कामं करायची का म्हणून विचारत बसत नाही, विचारायच्या आत करून मोकळा होतो. प्रचारकांना लूथरची पहिली गोष्ट पाठ असते, दुसरी नसते.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ ला बाप्तिस्मा झाला तरी ख्रिस्त आपल्याला पुढे कित्येक वर्षांनी सापडला असं त्या लिहितात, ते व्यासपीठावरून हमखास सांगतात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली आणून त्यांनी केडगावला वसवल्या, ते सांगताना वेळ संपलेली असते.

माझी बायको वसईची, कॅथलिक. दादाच्या लेखी ते लोक ‘कर्मांनी तारण विकत घेणारे’. त्याला मी कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेचं १५४७ चं पान दाखवलं. ‘फक्त विश्वासाने’ म्हणणाऱ्याला तिथे शाप आहे, बरोबर. पण त्या यादीतला पहिलाच शाप, देवाच्या कृपेवाचून आपल्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याला आहे. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एकत्र सही केली: देवाकडून आपला स्वीकार होतो तो केवळ कृपेने, आपल्या लायकीमुळे नाही, आणि तीच कृपा चांगल्या कामांना लावते. दादा म्हणाला, “सह्या माणसांच्या आहेत.”

सासूबाईंनी यातलं काही वाचलेलं नाही. बाबा गेल्यावर आम्हाला न विचारता त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं आणि मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, बाबांसाठी प्रार्थना करवली. मेलेल्यांसाठी प्रार्थना आमच्यात बसत नाही. मी आक्षेप घ्यायला हवा होता. फादरांनी वसईच्या उच्चारात बाबांचं नाव घेतलं आणि मी रुमाल शोधायला लागलो.

माझं मत विचाराल तर, ‘तारण’ शब्दाचा बँकेतला अर्थ आपल्या लोकांनी उचललाय. विश्वास गहाण टाका, पावती घ्या, मेल्यावर स्वर्ग सोडवून न्या. असल्या विश्वासाला याकोब निर्जीव म्हणतो. तुम्ही विचारता ‘गरज काय’. ज्याला ती गरज विचारावी लागते, त्याच्याकडे अजून विश्वास आलेला नाही. याकोबाचा दुसरा अध्याय वाचा, २६ वचनं आहेत, दहा मिनिटंही लागणार नाहीत. आणि कुणा ख्रिस्ती मित्राला कोंडीत पकडायला हे विचारत असाल, तर आधी त्याच्या घरात नुकतं कुणी गेलेलं नाही ना, ते बघा.

आता दादाची बाजूही सांगायला हवी. तो दारू प्यायचा, बाबांची अवजारं विकण्यापर्यंत गेला होता. दाखवायला एक चांगलं काम त्याच्याजवळ नव्हतं. तशा माणसाला कुणीतरी सांगितलं, की तुझं काही मोजलं जाणार नाही, तू नुसता ये. तो गेला, आणि त्या दिवसापासून प्यायलेला नाही. पौल ज्यांच्यासाठी लिहितो त्यांतला दादा आहे, बाबा नव्हते. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही, मुलगा म्हणून बोलतोय, तेव्हा माझं पारडं झुकलेलं असणार. दादा इथली उत्तरं वाचतो, हेही वाचेल. दादा, तुझं सगळं मान्य. तरी त्यांनी पेटीकडे हात करायला नको होता.